हलकं लिनक्स आणि श्यामकाकांची खंजिरी

मंडळी, अल्लीपूरच्या आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर आज तुम्ही सुचवलेलं हलकं लिनक्स, विंडोज न काढता, नुसतं सीडीवरून चालवून पाहिलं. झटक्यात सुरू झालं.

बाबांना कॉम्प्युटरवर एकच गोष्ट जमते, त्यांच्या वारलेल्या मित्राचं, श्यामकाकांचं खंजिरी भजन लावणं. फाइल त्यांनीच उघडली. भजन पुढे सरकत होतं, पण आवाज नव्हता. स्पीकर पूर्ण वाढवला, तरी नाही.

"उडवलं का बे तुनं?" बाबांचा हात माउसवरच थांबला.

"नाई बाबा, आतल्या कशाले हात नाई लावला." असं म्हणून मी कॉम्प्युटर बंद केला.

सीडी काढली. जुनं विंडोज रडतखडत उघडलं आणि खंजिरी वाजली. बाबांनी भजन शेवटपर्यंत ऐकलं.

आवाज हमखास येईल असं हलकं लिनक्स कोणतं? खात्री असेल तरच सांगा. सीडी बाबांनी स्वतःच्या खिशात ठेवली आहे.