देवदत्तांचा लिनक्स आणि गार झालेलं वरण

देवदत्त सकाळपासून चिडलेले होते. राग खरा तर कॉम्प्युटरवर होता, पण कॉम्प्युटर उलट बोलत नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याचं सगळं सुहासिनीच्या पदरात पडत होतं.

माणूस तसा सोन्यासारखा, फक्त तापला की हात लावू नये. फॅक्टरीत इन्स्पेक्शनमध्ये जन्म काढला. एक तपासणी झाल्याशिवाय दुसरी नाही, साहेब येवो का साहेबाचा बाप. रिटायर झाल्यावर मराठी मंडळाच्या ग्रंथालयातला कॉम्प्युटर त्यांनी ताब्यात घेतला, त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, पुस्तकांची सूची बसवली. बटन दाबलं की आतली कामं रांगेनं उठायची. आधी डिस्क, मग पुस्तकांची माहिती, मग सूची. अगदी मंडळाच्या पंगतीसारखं. तिथंही देवदत्तच उभे असतात, आणि मीठ-लिंबू वाढायच्या आधी कोणी भात आणला तर त्याला पातेल्यासकट परत पाठवतात.

लिनक्सच्या जगानं ती रांग कधीच मोडली होती. सिस्टमडी नावाची नवीन पद्धत आली. ती सगळ्यांना एकदमच उठवते. कोणाला कोणाच्या मागं थांबवायचं असेल तर तसं लिहून द्यावं लागतं. देवदत्तांनी वर्षानुवर्षं नाक मुरडलं. "ही काय पंगत आहे? हा तर बफे झाला. ज्याच्या हाती प्लेट तो पुढं."

पण यंदा सूचीचा नवा प्रोग्राम जुन्या पद्धतीवर चालेना, आणि ग्रंथालय बंद पडलं. मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब, सिविल लाइंसच्या ऑफिसातून रिटायर झालेले, पण हुकूम सोडायची सवय अजून शाबूत. त्यांनी फोन केला. "देवदत्तजी, रविवारी सभा आहे. तोवर चालू झालं तर ठीक. नाहीतर पुतण्या विंडोजवाला नवीन आणतो, आणि तुमचा डब्बा देऊ भंगारात."

डब्बा. तो शब्द देवदत्तांच्या काळजात रुतला. मशीन रिक्षात घालून ते गढा मोहल्ल्यातल्या आपल्या घरी घेऊन आले आणि शनिवारी सकाळी आंघोळ करून, दात-ओठ खात, त्यांनी तिला नव्या पद्धतीवर आणलं.

सगळं उठलं. सूची उठली नाही. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच.

"झालं का हो?" सुहासिनीनं दारातून विचारलं.

"झालं असतं तर असा बसलो असतो का? काहून विचारून राहिली सारखं सारखं?"

"अच्छा," ती म्हणाली आणि गेली. तिचं 'अच्छा' दुसऱ्यांच्या शिव्यांपेक्षा जड असतं, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

आता या घरची एक गंमत. नवऱ्याच्या आधी जेवायचं नाही, हे सुहासिनीला सासूनं शिकवलेलं. आणि बायको जेवल्याशिवाय आपण घास घेणार नाही, असं देवदत्तांनी महिला दिनाला मंडळाच्या स्टेजवर जाहीर केलेलं. टाळ्या पडल्या होत्या, आता मागं कसं घेणार? एरवी दोघं हसून सोबत बसतात. आज सोबत बसायचं कोण म्हणणार?

"तू जेवून घे," खोलीतून आवाज आला.

"तुमचं झालं की."

"माझं तुझ्यानंतर."

दोन ताटं झाकलेलीच राहिली. वरणावर साय धरली.

दुपार कलली तेव्हा स्वयंपाकघरातून पापड मोडल्याचा आवाज आला. देवदत्त ताडकन उठून बाहेर आले.

"तू जेवून राहिली?"

"हो."

"मला सोडून?"

"तुमची एक अट, माझी एक अट. दोन्ही पाळल्या असत्या तर दोघांना तिलवाऱ्याच्या स्मशानघाटावरच पोचवावं लागलं असतं," ती लोणच्याची फोड चोखत म्हणाली. "मी माझी काढून टाकली. पापड देऊ?"

देवदत्तांनी ओरडायला तोंड उघडलं, पण तिच्या त्या दोन अटी डोक्यात अडकल्या. ते उलट पावली खोलीत गेले.

मशीनला त्यांनी स्वतःच लिहून दिलं होतं, की बॅकअप झाल्याशिवाय सूची उघडू नये. इन्स्पेक्टरच तो. आणि खाली, बॅकअप ताजा हवा म्हणून, असंही लिहिलं होतं की सूची उघडल्याशिवाय बॅकअप घेऊ नये. दोघं एकमेकांसाठी ताट झाकून बसलेले. शेवटी मशीननंच सूचीला पंगतीतून उठवलं होतं, आणि तसं स्क्रीनवर सांगितलंही होतं. रागाच्या भरात वाचलं कोणी?

आता वाचलं तर राग दुप्पट झाला. जन्मभर दुसऱ्यांचा माल नापास करणारा माणूस, आणि चूक त्याचीच. त्यांनी खालची ओळ अशी खोडली जसा ढेकूण चिरडावा. मशीन पुन्हा चालू केली. सूची आली, आणि पहिल्यापेक्षा लवकर आली. याचाही त्यांना राग आला.

तेवढ्यात भय्यासाहेबांचा फोन. "काय मग, पाठवू पुतण्याला?"

"पाठवा. चालू डब्बा उचलून न्यायला. जड आहे म्हणावं, नीट धर." आणि फोन ठेवला.

मग ते ताटावर येऊन बसले. सुहासिनीचं अर्धं जेवण झालं होतं.

"वरण गार आहे."

"गॅस तिथंच आहे," ती म्हणाली. "माझी अट गेली. आता गरम तुम्ही करायचं."

देवदत्त पुटपुटत उठले, पातेलं गॅसवर आदळलं. वरण तापेपर्यंत तिच्या ताटातला उरलेला पापड त्यांनी न विचारता उचलला. तोंड मात्र वाकडंच होतं.