मल्हारीचा काळा दोरा

जवळा बाजारच्या मल्हारीचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नव्हता, मग माणसांची काय कथा. हॉटेलात चहा सांगितला तरी दूध ओतणाऱ्याच्या हातावरून त्याची नजर हलत नसे. पण कारवानी कुत्री पाळावीत तर त्यानंच. लांब तोंडाची, पोट आत गेलेली, लांडग्यामागं सुटली की धूळच दिसायची. आसपासचे शेळ्या-मेंढ्यावाले आपली माजावर आलेली कुत्री त्याच्या सरदार नावाच्या नराकडे लावायला आणत. पैसे तो घेत नसे. रीत एकच: पिल्लांचे डोळे उघडले की नराच्या मालकानं त्यातलं एक आधी निवडायचं.

लोक चांगलं पिल्लू लपवतात, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून कुत्री व्याली की तो त्याच दिवशी सायकल हाणत जाऊन सगळी पिल्लं हाताळून येई.

शहाण्णव साली सरदार पार थकला. हट्टा गावच्या धुरपताबाईच्या कुत्रीला झाली ती त्याची शेवटची पिल्लं. त्यातला चांगला नर मिळाला नाही, तर सरदारची औलाद मल्हारीच्या दारातून उठणार होती. मी सोबत होतो. पाच नर, पाचही एकसारखे तांबूस. म्हातारी चहा ठेवायला आत वळली आणि मल्हारीनं एकाच्या मागच्या पायात गुपचूप काळा दोरा सैलसा बांधला. मला डोळ्यांनीच दटावलं.

पंधरवड्यानं परत गेलो, तर पाचही पिल्लांच्या पायांत काळे दोरे.

"मावशी, हे कोणी बांधले?" मल्हारीचा आवाज चढला.

"म्याच. तू एकाला बांधून गेला व्हता ना, नजर लागू न्हाई म्हणून. मग बाकीच्यायनं काय घोडं मारलं?" म्हणत तिनं एक पिल्लू उचललं. "तुझं हे बघ. ने."

ती स्वतःच्या हातानं देतेय, म्हणजे हेच सगळ्यात रद्दी असणार, असं मल्हारीनं ठरवलं. बाई खरं बोलून राहिली, असं मी त्याच्या कानात म्हणालो, तर तो माझ्यावरच गुरकावला, "तू कोणाकडून आला रे?" त्यानं दुसरंच पिल्लू उचललं.

ते पिल्लू मोठं झालं, पण शेळ्यांच्याही मागं राहायचं. आणि नाकारलेलं? त्याच्यासाठी कळमनुरीहून लोक धुरपताबाईच्या दारी यायला लागले. सरदार मेला. शेवटी नव्याण्णव साली मल्हारीलाच नाक मुठीत धरून आपली कुत्री तिथं न्यावी लागली. सरदारसारखी पळणारी औलाद परत आणायला दुसरी वाटच नव्हती. म्हातारीनं टोमणा मारला नाही. मला तर मारावासा वाटत होता.

कुत्री व्याली. पंधरवडा भरला आणि आता निवडायची पाळी धुरपताबाईची, म्हणून ती आली. पोत्यावर तीन पिल्लं होती. चौथं, सगळ्यात देखणं, या बहाद्दरानं आतल्या कणगीमागं दडवलेलं. तिथून कुईकुई आली की मल्हारी खोकायचा. मला त्याची लाज वाटत होती आणि रागही येत होता.

"निवडा मावशी," तो म्हणाला.

"मला कुठं दिसतंय आता नीट. तूच दे. तवा म्या दिलेलं तू घेतलं न्हाई. पर तू देशील ते म्या घेईन."

मल्हारी मग उठून आत गेला आणि कणगीमागचं पिल्लू आणून तिच्या मांडीवर ठेवलं.

म्हातारीनं त्याच्या अंगावरून हात फिरवला. मागच्या पायाशी बोटं थांबली. तिथं काळा दोरा होता.

"अन् बाकीच्यायनं?" तिनं विचारलं.

मल्हारीनं खिशातून दोऱ्याची गुंडी काढली आणि उरलेल्या तिघांना दोरे बांधायला बसला.