बैलांना सांगितलेलं साल

आमचे मोठे बाबा जन्मभरात माणसांशी जेवढं बोलले, त्याच्या दसपट बैलांशी बोलले. आणि आमच्या घराण्याचा खरा इतिहास कुणाला लिहायचा असता, तर त्याने आमच्यापैकी कोणालाही न विचारता सरळ गोठ्यात जायला हवं होतं.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या कडेला आमचं एक अंगण आणि दोन चुली असं घर होतं. एक चूल मोठ्या आईची, म्हणजे त्यांच्या बायकोची, आणि दुसरी माझ्या आईची. थोडी कपाशी, थोडा संत्र्याचा बगीचा, एक विहीर आणि एक बैलजोडी एवढा सगळा पसारा मोठे बाबा 'हूं' या एका अक्षरावर चालवत. ते 'हूं' कधी चहा ठेव असं सांगायचं, कधी ठेवलेला चहा गार झाला असं सांगायचं, तर कधी दारात आलेल्या माणसाला बसायचं की निघायचं तेही सांगायचं. चूक फक्त ऐकणाऱ्याची व्हायची. मोठ्या आईला ते सगळे 'हूं' बरोबर कळत. पाहुणे आले की ती शेजारी बसून अर्थ सांगे, "ते म्हणून राहिले का तुमची तबीयत उतरली." पाहुणा भारावून जायचा. मोठ्या बाबांनी तसं काही म्हटलेलं असायचंच असं नाही, पण त्यांनी ते कधी खोडून काढल्याचंही मला आठवत नाही.

असा हा मुका माणूस वर्षातून एका संध्याकाळी धबधब्यासारखा बोलायचा. ती संध्याकाळ पोळ्याच्या आदल्या दिवसाची. त्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे हळद आणि लोणी लावून मळतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले ते खांदे मोठे बाबा पळसाच्या पानाने हळूहळू चोळत आणि चोळता चोळता बैलांना घरातलं सालभराचं सगळं सांगत. त्यांचं साल पोळ्यापासून पोळ्यापर्यंत. कोण जन्मलं, कोण गेलं, कोणाचं जमलं, कोणाचं फिसकटलं, विहिरीला पाणी किती, बगीच्यात फळ किती, सगळं. एकदा वडिलांनी त्यांना हिंमत करून विचारलं, तेव्हा त्यांनी कधी नव्हे ते पूर्ण उत्तर दिलं होतं, "घरचेच हायेत ते. त्याईले कोन सांगन?"

गंमत अशी, की तोंडावर कुणाचं कौतुक करणं मोठ्या बाबांना लाजिरवाणं वाटे. माझे वडील शिकून कचेरीत बाबू झाले, त्या दिवशी मोठ्या बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की वडिलांना आपण काहीतरी चोरून आणलंय असं वाटलं. पुढे पोळा आला. वडील सहज गोठ्यामागे वैरण काढायला गेले आणि भिंतीपलीकडून त्यांना ऐकू आलं, "लहाना मोठा हुशार निंघाला रे. माह्या पाठीवरचा हाये म्हनून नाई सांगत." वडील वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन तिथेच उभे राहिले आणि खाली ठेवायचं विसरले. तेव्हापासून खांदे मळायच्या संध्याकाळी आमच्या घरातल्या यच्चयावत माणसांना गोठ्याच्या भिंतीपाशी काहीतरी काम निघू लागलं. कोणी दोरी वळतंय, कोणी शेंगा निवडतंय, कोणी नुसतंच पायातला काटा शोधतंय. मोठ्या बाबांना हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच ते जरा मोठ्याने बोलत.

यातला सगळ्यांत मोठा फायदा उठवला तो माझ्या आईने. आमच्याकडे धाकटी सून भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, बोलत नसे. डोक्यावर पदर घ्यायचा आणि ते आले की बाजूला व्हायचं. आईच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती आणि धुराने तिचे डोळे कायम लाल. एक दिवस मोठे बाबा ओसरीवर बसलेले पाहून ती गोठ्यात गेली आणि कबऱ्या बैलाला खणखणीत आवाजात म्हणाली, "तुमच्या गोठ्याले तरी झरोका हाये बाप्पा!" कबऱ्या रवंथ करत राहिला. ओसरीवरून 'हूं' आलं. दुसऱ्या दिवशी गवंडी दारात हजर.

बैलांच्या हक्काबद्दल ते फार काटेकोर होते. एका वर्षी जोडीतला म्हातारा बैल त्यांनी रामाकोन्याच्या एका शेतकऱ्याला दिला. पोळ्याच्या दोन दिवस आधीच मोठे बाबा सायकल काढून निघाले. पांढुर्ण्याहून सौंसर, सौंसरहून पुढे रामाकोना. घाम पुसत तिथे पोचले आणि त्या घरच्या लोकांना रामराम करून सरळ बैलापाशी. अर्धं साल तो आपल्या घरी होता, तेवढ्या अर्ध्या सालाचा हिशेब त्याला मिळायला हवा, असं त्यांचं म्हणणं. ते घर सगळं जमून ऐकत बसलं. नंतर कित्येक वर्षं रामाकोन्याचं कोणीही बाजारात भेटलं की माझ्या मावशीच्या मोडलेल्या सोयरिकीची चौकशी करायचं, आणि आई कपाळावर हात मारून घ्यायची.

जेवणाच्या बाबतीत मात्र या माणसाने आम्हा सगळ्यांना जेरीस आणलं होतं. मोठ्या आईखेरीज दुसऱ्या कोणाच्या हातचं त्यांच्या घशाखाली उतरत नसे. लग्नात पंगत उठायची आणि हे उपाशी घरी यायचे. मोठी आई सावरगावची, म्हणजे नदीपलीकडची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला, म्हणजे दोन गावांच्या दगडफेकीच्या जत्रेला, नदीचे दोन्ही काठ समोरासमोर उभे राहिले की हा संसार संध्याकाळपर्यंत अबोल्याने चालायचा; पण ताट तिनेच वाढलेलं असायचं आणि त्यांनी ते पुसून खाल्लेलं असायचं.

शहाऐंशी साल असावं. त्या एका सालात आमच्या घरात इतकं घडलं, की मोठ्या बाबांना बैलांपुढे किती वेळ बसावं लागेल याची आम्ही चेष्टा करत होतो. दिवाळीनंतर विहिरीवर विजेची मोटर बसली. माघात माझ्या भावाचं लग्न झालं आणि लोधीखेड्याची वहिनी घरात आली. संत्र्याला फळ चांगलं धरलं होतं, ते गारपिटीने झोडपलं. आणि भर उन्हाळ्यात, दोन दिवसांच्या तापाने, मोठी आई गेली. मग चेष्टा थांबली.

मोठे बाबा रडले नाहीत. बोलले तर नाहीतच. आता 'हूं'चा अर्थ सांगणारंही कोणी उरलं नव्हतं. कोणी भेटायला आलं, तिचं नाव काढलं, की ते उठून बगीच्यात जात. 'ती गेली' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नाहीत. माझ्या आईने त्यांना आमच्या चुलीवरचं ताट पाठवलं. दोन घास खाऊन ते पाणी पिऊन उठले. शेवटी त्यांची एकुलती एक लेक, आमची ताई, मोठ्या आईच्या चुलीपाशी बसली. तिच्या हाताला आईची चव होती. तिच्या हातचं मात्र ते जेवू लागले, आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला.

तो श्वास श्रावणापर्यंतच पुरला. ताई आमच्या घरातली पहिली शिकलेली मुलगी. दिव्याखाली बसून, आईच्या शिव्या खात, हिंदी शाळेतून शिकलेली. श्रावणात तिला सरकारी शाळेत बहेनजीची नोकरी लागल्याचा हुकूम आला. गाव छिंदवाड्याच्याही पुढे, जंगलात; रोज जाऊन येणं अशक्य. पोळा झाला की हजर व्हायचं होतं. ताईने हुकूम वाचला, घडी घालून फळीवर ठेवला आणि भाकरी थापायला बसली. "मी नाई जात काकू," ती माझ्या आईला म्हणाली. "बाबाले कोन रांधन? उपाशी मरन तो मानूस." आईने समजावलं, वडिलांनी समजावलं. ताई ऐकेना. मोठ्या बाबांनी 'जा' म्हटलं असतं तर ती गेली असती, 'राहा' म्हटलं असतं तर सुखाने राहिली असती. ते काहीच म्हणाले नाहीत. एवढी नोकरी हातची जाणार म्हणून घर आतल्या आत तडफडत होतं, आणि मला खरं सांगायचं तर मोठ्या बाबांचा तेव्हा अतिशय राग आला होता.

पोळ्याची आदली संध्याकाळ आली. त्या दिवशी भिंतीमागे सगळं घर होतं आणि कोणाच्याही हातात खोटं कामसुद्धा नव्हतं. मोठ्या बाबांनी हळद कालवली, कबऱ्याच्या खांद्यावर पान टेकवलं.

"ऐका रे," ते म्हणाले. "यंदा विहिरीवर बिजलीची मोटर बसली. तुमचं मोटेचं काम सरलं. आराम करा, पन माजू नका. पुतन्याचं लगन झालं. सून लोधीखेड्याची हाये. हासते जास्त, पन मानूस चांगलं हाये." भिंतीमागे वहिनीने पदर तोंडात कोंबला. "संत्र्याले गारीनं झोडपलं, ते तं तुमी पाह्यलंच."

मग नुसता हात चोळत राहिला. कबऱ्या झाला, लाल्या बैल झाला, आणि परत कबऱ्यापासून सुरुवात झाली.

"तुमची मालकीन गेली," ते म्हणाले. "उन्हाळ्यात गेली. कोनाले बोललो नाई मी, तुमालेच सांगून राहिलो. तिले नेलं त्या दिवशी तुमाले चारा टाकाचा राहून गेला. ते चुकलं माहं."

माझ्या वडिलांनी तोंड फिरवून घेतलं. आई तर उघड रडत होती. मोठ्या बाबांनी दुपट्ट्याने नाक पुसलं, आणि त्यांचा आवाज एकदम चढला, गावाला दवंडी दिल्यासारखा.

"अन् आपली पोरगी बहेनजी झाली! सरकारी! माह्या बापानं अंगठा लावला. मी सही करतो तं हात कापते. अन् हे पोरगी जंगलातल्या लेकराईले लिवाले शिकवन. म्हंते, मी जात नाई, बाबाले कोन रांधन. काहून? बाबाले हात नाई का?" इथे त्यांनी हळदीने माखलेले दोन्ही हात बैलांना दाखवले. "तं उद्या जेवाले या. आवतन घ्या. यंदाचा पोळ्याचा सयपाक मी करून राहिलो. कच्चापक्का झाला तं सांभाळून घ्या."

ताई भिंतीमागून उठली, गोठ्यात गेली आणि हळदीची वाटी हातात धरून त्यांच्याशेजारी उभी राहिली. ते 'हूं' म्हणाले. त्याचा अर्थ तिला कोणी सांगायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाबांनी पुरणपोळी केली, आणि ती कशी केली हे पाहायला शेजारच्या बायका भिंतीवर टांगल्या होत्या. ताईला त्यांनी चुलीजवळ फिरकू दिलं नाही. चण्याची डाळ पातेल्यात पडली, उकळी यायच्या आत त्यांनी गुळाचा खडा उचलला, आणि माझ्या आईचा जीव वरखाली झाला. डाळ कच्ची असताना गूळ पडला तर ती जन्मात शिजणार नाही हे तिला दिसत होतं, आणि सांगायला चुलीपाशी बैल नव्हता. पदर कपाळापर्यंत ओढून, उंबऱ्याच्या बाहेरून, लग्न होऊन आल्यापासूनचं पहिलं वाक्य ती आपल्या भासऱ्यांशी बोलली, "डाळ शिजल्याबिगर गूळ नोका टाकू जी!"

मोठ्या बाबांनी खडा खाली ठेवला आणि अगदी शहाण्या विद्यार्थ्यासारखं विचारलं, "मंग कवा टाकू?"

पोळ्या झाल्या. काही जिल्ह्याच्या नकाशासारख्या, काही एका बाजूने काळ्या. कबऱ्याने त्याची पोळी एका घासात संपवली. लाल्याने वास घेतला, मान वळवली, जरा विचार केला आणि मग खाल्ली. मोठे बाबा अंगणात येऊन आम्हा सगळ्यांना म्हणाले, "खाल्ली!" उरलेली, सगळ्यांत करपलेली पोळी त्यांनी स्वतः खाल्ली, पुसून.

गोटमारीच्या दिवशी गावातून कुठे जाता येत नाही. ती पार पडली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ताईला छिंदवाड्याच्या बसमध्ये बसवायला गेलो. मोठ्या बाबांनी तिची पेटी स्वतःच्या डोक्यावर घेतली होती. ती टपावर चढवायला गेले तेव्हा कंडक्टरने विचारलं, "कोन जाऊन राहिलं बाबाजी?"

आम्हाला वाटलं 'हूं' येणार. मोठ्या बाबांनी स्टँडवरच्या गर्दीकडे एकदा पाहिलं, दुपट्टा सारखा केला, आणि ताईला, आम्हाला, चहावाल्याला, सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले, "माही पोरगी. बहेनजी हाये. शिकवाले जाऊन राहिली." तो आवाज मी आजवर विसरले नाही. इतका अभिमान एका माणसाच्या गळ्यात इतकी वर्षं कुठे मावला होता कोण जाणे.

ताई खिडकीत रडत होती आणि हसत होती. बस वळणावरून दिसेनाशी झाली, चहावाला आपल्या कामाला लागला, तरी ते सडकेकडे पाहत उभेच राहिले. वडिलांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हा हात आजवर कोणी ठेवला नव्हता. मोठ्या बाबांनी तो थोडा वेळ राहू दिला.

"चाल," ते म्हणाले. "चूल पेटवाची हाये."