केजन शब्दासाठी मुलुंड ते बोरिवली

लोक लुईझियानाला जातात, मी बोरिवलीला गेले. निमित्त मात्र लुईझियानाचंच होतं.

मी मुलुंडला घरी बसून स्पॅनिशमध्ये भाषांतरं करते. सध्या हातात एक अमेरिकन पाककृतींचं पुस्तक आहे आणि त्यात पानोपानी 'केजन'. माणसं केजन, त्यांची बोली केजन, जेवणही केजन. फार पूर्वी कॅनडातून हाकललेले फ्रेंच बोलणारे लोक लुईझियानाच्या दलदलीत जाऊन राहिले, ते हे. संपादकबाईंनी कळवलं, "सरळ 'पिकांते' लिहा." पिकांते म्हणजे तिखट! माझं डोकंच फिरलं. उद्या मालवणीलाही नुसतं तिखट म्हणाल! आणि मग आईची इतकी आठवण आली, की पर्स उचलली आणि बोरिवलीला मावशीकडे निघाले. आई गेल्यापासून मालवणी कानावर पडली नव्हती.

जाणार असाल तर ठाण्याहून घोडबंदर रस्त्याची बस घ्या. तिकीट शंभराच्या आत. डावीकडची खिडकी पकडा, जंगल दिसतं. गायमुखला ट्रॅफिकने वाट लावली, पण पिशवीत चणे होते.

"ये गं, दमलीस ना?" मावशी माझ्याशी शहरी मराठीच बोलते.

"मावशी, मालवणीत बोल ना माझ्याशी."

"इश्श, तुझ्याशी? तुझ्या आईनेच बंद करायला लावलं होतं. शाळेत पोरीला हसतील म्हणून."

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

मग ती वडे थापायला लागली. बाजूला कोंबडीचा रस्सा रटरटत होता. पहिला वडा तेलात सोडला, तो काही फुगेना. मावशी त्याच्यावर खेकसली, "फुग रे मेल्या! काय झाला तुका?"

अगदी आई! आईपण वड्यांना अश्शाच शिव्या घालायची. माझ्याशी बंद केलेली बोली दोघी बहिणींनी कढईशी चालू ठेवली होती. सगळे वडे होईपर्यंत मी ओट्याला टेकून ऐकत राहिले. मावशीला वाटलं, मी कृती शिकतेय.

घरी येऊन संपादकबाईंना मेल टाकला, 'केजन' शब्द आहे तसाच राहील, हवं तर तळटीप देते. बाई कबूल झाल्या. तळटीप अजून लिहून झालेली नाही.

मावशीने निघताना दिलेल्या पिठाचे वडे रविवारी तळायला घेतले. पहिलाच चपटा पडून राहिला. "फुग रे मेल्या," म्हटलं, आणि पुढे काही येईना. तेवढीच मालवणी येते मला. रडू आलं. तसाच मावशीला फोन लावला आणि धीर करून म्हटलं, "मावशे, वडो फुगना नाय."



"तेल तापला काय गो?" मावशीने विचारलं.