परसातली गांडुळं कशानं मेली?

हसा, हसा! पण आधी चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. मूठभर गांडुळांपायी मी अख्ख्या वाडीचं पोट कसं बिघडवलं, ते आता काय सांगू तुम्हाला!

आमचा भाताचा कुणगा रस्त्याच्या अगदी खाली. गेल्या वर्षी वळणावर रसायनाचा टँकर उलटला आणि सगळं कुणग्यात उतरलं. वरची माती खरवडून नेली, पण पुढे पेरायचं कुणाच्या भरवशावर? वर्षभर मी बांधावर जाऊन नुसता उभा राहायचो.

रत्नागिरीच्या एका कॉलेजातल्या मॅडम माती तपासतात असं कळलं. गेलो.

त्या म्हणाल्या, "काका, मातीत काय आहे ते मशीन सांगेल. पण तिच्यात जगता येतं का, ते गांडुळंच सांगतील. कुणग्यातली माती आणा आणि तुलनेला परसातली चांगली माती. दोन्हींत गांडुळं सोडू."

दिली नेऊन. तिसऱ्या दिवशी फोन!

"काका, कुणग्यातली गांडुळं मजेत आहेत. पण परसातली पहिल्याच दिवशी सगळी मेली हो."

परसातला माठ, मुळा आम्ही रोज खात होतो! आम्हीच नव्हे, अर्ध्या वाडीला मीच हौसेनं वाटत होतो!

घरात बायको, सुनंदा, माठ निवडत होती. मी जुडी हिसकावली. "थुंक आधी!"

"अहो, कच्चा माठ कोण खातंय?"

मी सगळा वाफा उपटला आणि घरोघरी निघालो. "पोट बरं आहे ना?" असं कुणी दारात येऊन विचारलं, की चांगलं पोटही दुखायला लागतं. संध्याकाळपर्यंत निम्मी वाडी ओव्याचं पाणी पीत होती.

शेजारच्या गोमूकाकींनी तर मला अंगणातच धरलं. "मेल्या, माझ्या पोटात वीस वर्षं वायू धरतोय. तेव्हापासून विष घालतोस होय मला?"

रविवारी मॅडम स्वतः आल्या. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "काका, माती कशातून आणलीत?"

"कुणग्यातली तुम्ही दिलेल्या पिशवीतून. परसातली आमच्या पोत्यातून."

"कसलं पोतं?"

स्वयंपाकघरातून सुनंदा ओरडली, "पडवीतलं? अहो, त्यात बांगडे खारवायचं मीठ होतं!"

गोमूकाकी पोट धरून हसल्या. त्या दिवसापासून त्यांचा वायू गेला म्हणतात.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. ओठ दाताखाली दाबून त्यांनी भर उन्हात दोन्हीकडची माती पुन्हा स्वतःच्या हातानं भरून घेतली. दोन आठवड्यांनी स्वतःहून फोन केला. दोन्हीकडची गांडुळं जिवंत! कुणग्यातल्यांनी तर अंडीही घातली होती. मशीनचा अहवालही चांगला. "काका, बिनधास्त लावणी करा," त्या म्हणाल्या.

आज कुणगा गुडघाभर हिरवा आहे. बांधावर उभा राहिलो, की त्या माउलीला आणि त्या मुक्या जिवांना मनापासून हात जोडतो.

पेढे घेऊन गेलो, तेव्हा टेबलावर मॅडमची वही उघडी होती. पहिल्या तपासणीपुढे लिहिलं होतं: 'परसातली माती उत्तम. मृत्यूचं कारण: काका.'