काकींची हिरवी चादर

काकी देवापुढे हात जोडत नसत, बोलणी करत. 'माजं एवडं कर, मी तुजं एवडं करीन,' असं मोठ्याने, कमरेवर हात ठेवून. गावदेवी असो की डोंगरावरचा पीर, सूर तोच. शब्द मात्र पाळायच्या. नारळ बोलल्या तर नारळ, चादर बोलल्या तर चादर.

मूळच्या त्या खाडीकाठच्या कोळी. आमची बिल्डिंग त्यांना गेलेल्या जमिनीच्या बदल्यात सरकारने दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर उभी राहिली आणि पहिल्या मजल्यावर त्यांना घर मिळालं. आम्ही फ्लॅट विकत घेतलेले, तरी त्या आम्हाला भाडेकरूच समजायच्या. जिन्यात कुणी चपला पसरल्या की खालून आवाज यायचाच. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्यावाचून करमायचंही नाही.

माझा नवरा जहाजावर असतो. त्या वर्षी त्याचं जहाज धोक्याच्या पाण्यात शिरलं आणि त्याचा फोन यायचा थांबला. कंपनीचं एकच, काळजी करू नका. रबाळ्याच्या ऑफिसात मी नुसती स्क्रीनकडे बघत बसायचे. काकींचा नवरा वादळात होडीसकट गेलेला. त्या मला एकदाही 'येईल गं' म्हणाल्या नाहीत. संध्याकाळी सुकटीची चटणी घेऊन यायच्या आणि शेजारी बसून राहायच्या. त्या दिवसांत मला तेवढाच आधार होता.

सोसायटीची विजापूरची सहल आधीच ठरलेली. मी येत नाही म्हणाले, तर काकींनी माझी बॅग भरली. "घरात बसून फोन वाजनार हाय का?" त्यांच्या स्वतःच्या पिशवीत हिरवी चादर होती, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

जुन्या मशिदीत पोचलो तेव्हा नमाजाची वेळ होत आली होती. हातपाय धुऊन माणसं आत येत होती, पर्यटकांना बाहेर निघायला सांगत होते. आम्ही वळलो आणि काकी मात्र उलट दिशेने तरातरा आत चालू लागल्या. समोर पडद्याने झाकलेली सोनेरी कमान होती. काकींना माहीत होते ते दर्गे. पडदा आहे म्हणजे मागे पिराची मजार असणार, मजार आहे म्हणजे चादर चढवायची. मशिदीत मजार असतेच असं नाही, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी दोरी ओलांडली आणि पडद्याला हात घातला.

रांगेतले पुरुष जागीच थबकले, दोघे-तिघे पुढे झाले. आमच्या सेक्रेटरींचा चेहरा पांढराफटक पडला. आता व्हिडिओ निघणार, असं ते पुटपुटेपर्यंत आमच्यातल्याच एकाने मोबाइल उचललाही. हल्लीच्या दिवसांत भडका उडायला एवढं पुरतं. मी आत धावले.

माझ्याआधी तिथले पांढऱ्या दाढीचे चाचा काकींसमोर आडवे उभे राहिले. आवाज कडक होता. "अम्मा, यहाँ कोई मजार नहीं है।"

काकींनी हात मागे घेतला. चादर छातीशी धरून त्यांनी विचारलं, "मंग हितं मागाचं कोनाकडं?"

मी घाईने हिंदीत सांगितलं. चाचांनी उत्तरादाखल बोट वर केलं.

काकींनी छताकडे पाहिलं. मग माझा दंड धरून मला पुढे ओढलं. "हिचा नवरा दर्यावर हाय. काय पत्ता नाय. तो आला का मी सोता येऊन तुला सांगेन."

हे वरच्याला होतं की चाचांना, मला आजही ठाऊक नाही. मी तेही हिंदीत सांगितलं. चाचांनी मान हलवली आणि पुढे आलेल्यांना हाताने मागे सारलं. मोबाइल खाली गेला.

नवरा सुखरूप आला. चादर काकींनी डोंगरावरच्या पिराला चढवली, पण विजापूरचा शब्द राहिला. आधी गुडघे, मग छाती. "निस्तं सांगाचं तर हाय," असं त्या हॉस्पिटलातही म्हणत होत्या. दिवाळीआधी त्या गेल्या.

यंदा आम्ही दोघं विजापूरला जाऊन आलो. चाचा दारातच भेटले. मी नवऱ्याला पुढे केलं, म्हटलं, "ये आ गये।" त्यांनी त्याला नीट न्याहाळलं आणि तोंडभर हसले. मग आमच्या मागे, अंगणात कुणाला तरी शोधू लागले.

"अम्मा नहीं आयी?"

मी बोट वर केलं.