कुठेकाका आणि उलटे बाण

घराबाहेर पडणाऱ्या माणसाला ‘कुठे?’ विचारू नये, विचारलं की काम फिसकटतं, हे आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत लहान मुलांनाही ठाऊक होतं. तळमजल्यावरचे काका मात्र जिन्याशी खुर्ची टाकून बसत आणि प्रत्येकाला नेमकं तेच विचारत. लेकीसाठी स्थळ बघायला निघालेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू एकदा त्यांना चुकवायला मागच्या बाजूने, कचऱ्याच्या डब्यांमागून गेल्या. ‘काय वहिनी, तिकडून कुठे?’ काकांनी खुर्ची मागे कलवून विचारलंच. स्थळ फिसकटलं आणि काकांचं नाव कुठेकाका पडलं.

मला कुणाशीच बोलायला सुचत नसे. मी कानात इअरफोन घालून, काहीच न ऐकता, त्यांच्यासमोरून सटकायचे.

‘अगं, वायरचं दुसरं टोक बाहेर लोंबतंय,’ एकदा ते म्हणाले. ‘कुठे?’

‘ठाण्याला. कॉलेज.’

‘काय शिकतेस?’

‘ओशनोग्राफी.’

काका खुर्चीतून उठून उभेच राहिले. जन्मभर ते संशोधनाच्या जहाजावर तंत्रज्ञ होते. समुद्रातले प्रवाह मोजणारे मीटर दोराला बांधून खाली सोडायचे आणि वर्षभराने वर काढायचे, हे त्यांचं काम.

मग माझा अर्धा अभ्यास जिन्यावरच झाला. किनाऱ्यापासून समुद्राचा तळ बराच लांबवर उथळ असतो, नंतर एकदम खोल उतरतो. त्या उताराला धरून एक प्रवाह वाहतो. काका सांगत, ‘पाणी तो उतार चढत नाही, उतरतही नाही. गुरं डोंगराच्या कुशीने आडवी चालतात ना, तसं. आपल्याकडे पावसाळ्यात दक्षिणेला, हिवाळ्यात उत्तरेला. आणि त्याच्या पोटाखालून दुसरा, उलटा. जुन्या नवराबायकोसारखे. घर एक, तोंडं दोन दिशांना.’

एमएस्सीला मी याच प्रवाहावर प्रोजेक्ट केला. मीटरच्या हिवाळ्यातल्या नोंदी घेऊन बाणांचा नकाशा काढला, त्यात तो उत्तरेऐवजी दक्षिणेला जात होता. माझ्या गाईड मॅडम हरखल्या. ‘हे नवीन आहे, कॉन्फरन्सला पाठवू,’ म्हणाल्या. जिचं नाव वर्गात निम्म्यांना माहीत नव्हतं, तिच्याकडे आठवडाभर सगळे वळून बघत होते.

सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी मी बांधून आणलेला रिपोर्ट काकांना दाखवला. त्यांनी नकाशाचं पान उघडून बाणांवरून बोट फिरवलं.

‘बाण फिरवलेस?’

‘हो. वाऱ्याचे फिरवतात तसे.’

‘वाऱ्याची नोंद करताना तो कुठून आला ते लिहितात. पाण्याचं, ते कुठे चाललंय ते. मीटर सरळच सांगत होता गं, तू त्याला उलटं केलंस.’

मी रिपोर्ट मिटला. ‘कुणाला कळणार नाही,’ मी म्हटलं.

‘नाही कळणार,’ काका लगेच म्हणाले. ‘मी एकदा मीटरमध्ये बॅटरीच घातली नव्हती. वर्षभराने वर काढला, तर आत कोरा.’

‘मग?’

‘मुख्य शास्त्रज्ञांना जाऊन सांगितलं. खूप ओरडले. मग जेवायला बोलावलं. पापलेट होतं.’

दुसऱ्या दिवशी माझं पंधरा मिनिटांचं इंग्रजी भाषण तोंडपाठ होतं. पहिली स्लाइड लागली आणि भाषणातला एकही शब्द आठवेना. तोंडातून आलं ते मराठी: ‘मॅडम, माझे सगळे बाण उलटे आहेत.’

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कॉन्फरन्स गेली, ग्रेडही एकाने घसरली. पापलेट कुणी विचारलं नाही. रिपोर्ट पुन्हा छापायला वेळ नव्हता, म्हणून चूक काय आणि कशी झाली हे वेगळ्या पानावर लिहून ते प्रत्येक प्रतीत चिकटवायला लावलं.

त्याच उन्हाळ्यात काका देवगडला बहिणीकडे कायमचे राहायला गेले. निघताना मी त्यांना एक प्रत दिली. आभाराच्या पानावर त्यांचं नाव होतं, तिथे मी आठवणीने खूण घातली होती.

महिन्याभराने त्यांच्या बहिणीचा फोन आला.

‘अगं, काय दिलंयस त्याला! आभाराचं पान दाखव म्हटलं तर दाखवत नाही. आल्यागेल्याला ते चिकटवलेलं, चूक सांगणारं पान वाचून दाखवतो. म्हणतो, बाकीचं पुस्तक काय, कुणीही लिहील.’